वळणाचा रूळ

आमचा जिना आहे की शिडी, हा वाद चाळीस वर्षांचा.
मी म्हणते पायऱ्या पंधरा, वीब म्हणतो चौदा.
परवा मोजमापाला आलेला तो पोरगा, रीमर,
लेझरचा लाल ठिपका भिंतीवर नाचवून म्हणाला,
चौदा, आणि वर एक अर्धी.
ती धरायची की नाही, तुमचं तुम्ही बघा.
त्याला दुसरं बिस्कीट दिलं,
जे आमच्या हार्लिंगनमध्ये पाहुण्याला सहसा मिळत नाही.

मग त्याने विचारलं, खुर्ची कोणासाठी?
मी वीबकडे बोट दाखवलं.
वीबने माझ्याकडे.

वजन विचारलं तेव्हा वीब खिडकीतून बंदर बघू लागला.
लग्नानंतर पहिल्यांदाच मी खरा आकडा सांगितला,
तोही परक्या माणसाला, नवऱ्यादेखत.
रीमरने निमूट लिहून घेतला,
गोदामात पोतं उतरवावं तसा.

आतल्या बाजूने रूळ नेला तर स्वस्त पडतो,
पण खांबापाशी खुर्ची गर्रकन वळते
आणि गुडघे भिंतीला घासतात.
वीबला पटेना. म्हणून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर
त्याला जिन्याच्या तोंडाशी बसवलं, पट्टी लावली.
चार सेंटीमीटर कमी.
म्हटलं, ज्या गुडघ्यांना बाशिंग बांधून आला होतास
तेच आता आडवे येतायत.

बाहेरच्या बाजूने जागा आहे. पण तिथे दोर आहे.
आम्ही या घरात आलो त्या हिवाळ्यात वीबने बांधलेला,
जहाजावरून मागून आणलेला
(मागून हा त्याचा शब्द, माझा वेगळा आहे),
पेडात पेड विणून, एकही गाठ न मारता.
वळणावर तो काळा पडलाय, लोण्यासारखा गुळगुळीत.
रूळ बसवायचा तर दोर काढावा लागेल.

वीब म्हणाला, मला हुकाने चढवा.
माथ्यावर तुळईला हूक आहेच,
पियानो चढला, कपाटं चढली,
हिच्या आईचा पलंगसुद्धा चढला.
खिडकी काढा, मी बाहेरून येतो.
रीमर हसला नाही. म्हणाला,
त्या हुकाची तपासणी शेवटची कधी झाली?

वीज गेली तर? बॅटरी आहे, दहा फेऱ्या.
आम्ही दोघांनी बोटं मोजायला घेतली:
चष्मा, गोळ्या, मांजर अडकलं, पुन्हा चष्मा.
दहा नाही पुरणार.
दार उघडताना आड येऊ नये म्हणून
खालचा तुकडा दुमडणारा, त्याचे पैसे वेगळे.
नगरपालिका काही देईल, काही देणार नाही.

आणि कुणाचा वापरलेला मिळाला तर?
सरळ जिन्याचा मिळतो, तो म्हणाला.
वळणाचा रूळ एकाच घराचा असतो.
तुमच्याच भिंतीच्या मापाने वाकवलेला,
दुसऱ्या कुठे बसत नाही.
मग नंतर? मी विचारलं.
नंतर म्हणजे कधी, हे त्याने विचारलं नाही.
भंगारात, म्हणाला,
आणि मेजावरचा बिस्किटाचा चुरा तळहाताने गोळा केला.

सही मी केली. बाहेरची बाजू, मोहरी रंग.
वीबला करडा हवा होता,
करड्यावर कॉफी दिसते.

मंगळवारी वीबने दोर सोडायला घेतला.
सुरी देऊ का, म्हटलं. नको.
अख्खी दुपार, एकेक पेड उलगडत,
वरच्या पायरीपासून खाली सरकत,
आणि शेवटी वेटोळं करून कोळशाच्या खोलीत ठेवला,
की अजून कुठे, मला सांगत नाही.

रूळ यायला सहा आठवडे आहेत
हे तेव्हा दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

आता रात्री आम्ही आपापली पायरी ओळखून चढतो.
मी पुढे, चार पायांवर,
मागून माझ्या टाचेला त्याचा हात,
आधार द्यायला की घ्यायला, कळत नाही.
तो मोजतो. अकराला वळण, तिथे थांबतो,
हात दोरासाठी भिंतीवर जातो, परत येतो.
चौदा, म्हणतो, आणि श्वास घेतो.
मी काही बोलत नाही.
अजून एकदा पाय उचलते.